डाव्या हाताचा ब्रेक

निऱ्या, काल दुपारी तुझ्या घरी जाऊन आलो. तिथे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी तुझ्याशी भांडायचं राहिलंय ते भांडून घेतो. वीस वर्षांत तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस, आता तरी ऐक.

तुझ्यावर बरंच लिहून झालंय. आपल्या मेलबर्नच्या टार्निट भागातल्या मराठी ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेली चित्रं पडत होती. ज्यांनी तुला गणपतीत एकदा लांबून पाहिलं होतं त्यांनी तुला ‘दिलदार, हसतमुख’ केलं. हसतमुख होतास हे खरं, पण कुणावर हसत होतास हे त्या बिचाऱ्यांना माहीत नाही. त्यांतल्या निम्म्यांच्या नकला तू माझ्या गाडीत केल्या आहेस. मी त्या पोस्टी वाचताना मनातल्या मनात तुझ्या आवाजात त्यांची टर उडवत होतो. तू नसताना ते काम माझ्याकडे आलंय आणि मला ते तुझ्याइतकं जमत नाही.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. निरंजन बेफाम होता. डोंगरावरून सायकल सोडून द्यायचा, ब्रेकला हात लावायचा नाही, हे कधीतरी होणारच होतं. बेचाळिसाव्या वर्षी, घरी सात वर्षांची मुलगी असताना कुणी असं करतं का? हे मी ग्रुपवर वाचलं, अंत्यसंस्काराला ऐकलं, तुझ्या स्वयंपाकघरात बसून तुझ्या बायकोच्या, मंजिरीच्या तोंडून ऐकलं. प्रत्येक वेळी मान डोलावली.

आपलं भांडण तेच. ब्रेक. तुझं म्हणणं, ब्रेक मारतो तो मनातून आधीच पडलेला असतो. माझं म्हणणं, ब्रेक आहेत म्हणून तर जोरात जाता येतं. मी रेल्वेच्या सिग्नलमध्ये काम करतो. गाडी थांबवता येईल याची खात्री झाल्याशिवाय तिला सोडायचं नाही, एवढ्या एका वाक्यावर माझं घर चालतं. तू त्या वाक्याची इतकी चेष्टा केलीस की मी ते तुझ्यासमोर म्हणणंच सोडलं. डोंगरावरच्या लिफ्टच्या रांगेत अनोळखी गोऱ्यांना तू माझी ओळख करून द्यायचास, हा माझा मेट मिलिंद, दर शुक्रवारी ब्रेकपॅड बदलतो. ते हसायचे. मीही हसायचो. घरी आल्यावर मला त्याचा राग यायचा आणि पुढच्या शनिवारी मी पुन्हा तुझ्याबरोबर निघायचो.

का निघायचो ते तुला माहीत होतं. पहिल्या वर्षीच्या त्या लांबलचक लॉकडाऊनमध्ये मी दाढी करणं सोडलं, मग अंघोळ सोडली. सकाळी उठून लॅपटॉपसमोर बसायचं आणि संध्याकाळी तिथून उठायचं, मधल्या वेळात आपण कोण आहोत याचा पत्ता नाही. तू दोन गल्ल्या सोडून राहायचास. रोज सकाळी सातला येऊन माझ्या दारावर लाथ मारायचास. बेल होती, पण तुला लाथच मारायची असायची. घरापासून पाच किलोमीटर आणि दिवसाला एक तास, एवढंच बाहेर पडायला मुभा होती. टार्निटमध्ये डोंगर सोड, धड उतारही नाही. पण नव्या प्लॉटांवर बिल्डरांनी मातीचे ढीग टाकले होते आणि कामं बंद होती. त्या ढिगांवरून तू मला सायकल घेऊन खाली ढकललंस. अक्षरशः ढकललंस, पाठीला हात लावून. पहिल्या दिवशी मी सहा वेळा पडलो आणि सहाही वेळा तू आधी हसलास आणि मग उचललंस.

त्या थंडीत मी टिकलो तो त्या ढिगांमुळे आणि तुझ्या लाथांमुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू त्याचं मीम करून ग्रुपवर टाकलं असतंस. आता म्हणतोय, टाक कुठे टाकायचं ते.

त्याच थंडीत पुण्यात तुझे बाबा गेले. देशाबाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागत होती, तू अर्ज केला होतास, तो नामंजूर झाला होता. एवढं मला ठाऊक होतं. बाबांना तू फोनच्या पडद्यावर पाहिलंस, भाऊ फोन धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारावर लाथ बसली. मी दार उघडलं. तू म्हणालास, हेल्मेट घाल. मग त्या ढिगावरून तू एका तासात किती वेळा उतरलास ते मी मोजलं नाही. पण त्या दिवसापासून तू डाव्या हाताचा उपयोग फक्त एकाच गोष्टीसाठी करायला लागलास. मी खाली उभा असलो की माझ्या अगदी जवळ येऊन मागचा ब्रेक कचकन दाबायचा आणि सगळी माती माझ्या अंगावर उडवायची.

लॉकडाऊन उठला, उन्हाळा आला आणि आपण खरा डोंगर पाहिला. तीन तास गाडी हाकून जायचं, डब्यात मंजिरीचे पोहे. थंडीत जी लिफ्ट बर्फावर घसरणाऱ्यांना वर नेते तीच उन्हाळ्यात सायकली नेते, खुर्चीच्या मागच्या आकड्याला सायकल टांगायची आणि आपण पाय लोंबकळत बसायचं. दहा मिनिटांत डोंगरमाथा. तिथून झाडांमधून, खडकांवरून, मातीच्या वळणांवरून थेट खाली, की पुन्हा रांगेत. तू म्हणालास, चढायचे कष्ट यंत्राने करायचे आणि आपण नुसतं पडायचं, हा खेळ खास पुणेकरांसाठी काढलाय.

कोविडच्या नियमाने एका खुर्चीत एकाच ग्रुपची माणसं. चौघांच्या खुर्चीत आपण दोघं, तोंडावर मास्क. दोघांचीही नजर समोर. निऱ्या, तू माझ्याशी जे काही खरं बोललास ते सगळं त्या खुर्चीत. आई एकटी पडलीय. मंजिरीला परत जायचंय, तुला नाही. सई आता मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते आणि तुला त्याचं वाईट वाटतं. वर पोचलो की तू मास्क काढायचास आणि पुन्हा तोच नालायक माणूस व्हायचास.

आता सायकलीचं सांगतो. हे फक्त तुला आणि मला कळेल, आणि तुला तर आता फारच चांगलं कळलंय.

त्या वर्षी दुकानांत सायकलीच नव्हत्या. सगळ्या जगाला एकदमच व्यायाम सुचला होता. मला एका जर्मन जोडप्याने त्याची सायकल विकली, ते घाईने मायदेशी परत चालले होते. इथल्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आपल्या पुण्याच्या सायकलींनाही तसाच. त्यांच्याकडे उलटा, पुढचा डाव्या हाताला. त्या बाईने मला तीनदा बजावलं आणि डाव्या ब्रेकच्या दांडीला पिवळ्या टेपचा तुकडा गुंडाळून दिला, कुणी दुसऱ्याने चालवायला घेतली तर कळावं म्हणून. मला आठवड्याभरात सवय झाली.

पहिल्याच शनिवारी लिफ्टच्या रांगेत तुला ती टेप दिसली. मी तोंड उघडायच्या आत तू मोठ्याने म्हणालास, मिल्याने सायकलला एल-प्लेट लावलीय. आजूबाजूचे हसले. त्या दिवशी परतताना पेट्रोल पंपावर मी ती टेप ओरबाडून काढली. ती कशासाठी होती हे तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उलट्या ब्रेकवरून तू महिनाभर पुरेल एवढं बोलला असतास, आणि मला तेवढं ऐकून घ्यायचं नव्हतं. इतकंच कारण. माझ्या वयाच्या, माझ्या धंद्यातल्या माणसाने एका थट्टेच्या भीतीने धोक्याची खूण काढून टाकली.

त्या शनिवारी आपण पाच रन केले होते, माथ्यापासून खाली पाच फेऱ्या. अमुक रन शेवटचा असं कुणी म्हणायचं नाही, असा तिथला रिवाज. अजून दोन म्हणायचं आणि एक करून घरी जायचं. तू म्हणालास, अजून दोन. खुर्चीत बसलो. सकाळपासून तू माझ्या ब्रेक मारण्यावर बोलत होतास, मला लागेल असं, तिसऱ्या रनला तर पोरीबाळींसमोर. मलाही तुला कुठेतरी लागेल असं बोलायचं होतं. तू म्हणालास, सीमा उघडल्या की पहिल्या विमानाने आईकडे जाणार. हे तू दर आठवड्याला म्हणायचास.

मी म्हणालो, “तुला जायचंच नव्हतं, निऱ्या. एकदा अर्ज केलास, ते नाही म्हणाले, तू सुटलास. आता सहा महिने आम्हाला ऐकवतोयस.”

तू गप्प बसलास याचा मला, खरं सांगतो, आनंद झाला. वीस वर्षांत पहिल्यांदा माझा वार बसला होता. खुर्ची एकेका खांबावरून खडखडत गेली आणि मी आतून खूश होतो. वर पोचलो. तू दोन्ही सायकली आकड्यावरून काढल्यास आणि तुझी माझ्याकडे सरकवलीस.

“आज बदलू,” म्हणालास. “तू माझी घे.”

तुझी सायकल. जिला तू सईला हात लावू द्यायचा नाहीस, जी तू माझ्या गाडीत चढवतानाही स्वतः धरायचास. मला समजलं नाही ही माफी आहे की माफ करणं आहे, की मला लाज वाटावी म्हणून केलेलं काही. अजूनही समजलेलं नाही. एका दमात तुला जे बोललो होतो त्यानंतर कुठलंही साधं वाक्य तोंडातून निघेना. पुढचा ब्रेक डावीकडे आहे. एवढंच वाक्य होतं. कामावर नव्या पोरांना मी हेच शिकवतो, दुसऱ्याच्या हातात यंत्र देताना तोंडाने बोला, मान हलवू नका. मी मान हलवली.

नेहमीप्रमाणे मी पुढे. मी ब्रेक कुठे कुठे मारतो ते मागून बघता यावं म्हणून तू मला पुढे घालायचास. अर्ध्यावर तो खडकाचा टप्पा आहे, वरून उडी, खाली उतार, वरच्याला खालचं दिसत नाही. मी उडी घेतली आणि खाली वेग आवरायला सवयीने डावा हात दाबला. तुझ्या सायकलीचा तो मागचा ब्रेक. चाक घसरलं, मी कुल्ल्यावर पडून दोन हात फरफटत गेलो. खरचटलं, बाकी काही नाही. आणि पडल्या पडल्या डोक्यात लख्ख आलं की आता तुझ्या डाव्या हातात काय आहे.

त्या जागी थांबायचं नसतं. पहिला नियम तो, तूच शिकवलेला. मी उठलो आणि तिथेच मधोमध उभा राहून, तुला सावध करायला, हात वर केला.

तू वरून आलास. मी दिसलो. बाजूला जागा होती, तू एरवी वाट्टेल तिथून निसटायचास, माझ्या कानाजवळून शिवी देत गेला असतास. पण मी हात वर केला होता, आणि मित्र हात वर करून थांब म्हणतोय म्हणून तू थांबायला गेलास. डाव्या हाताने, कचकन, तुझ्या पद्धतीने.

माती उडाली नाही. सायकल जागच्या जागी थांबली आणि तू थांबला नाहीस.

डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंही नसेल. हे ते सगळ्यांना सांगत असावेत. पण तू हवेत असताना माझ्याकडे बघत होतास आणि तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं. हेल्मेटच्या आत एवढंच दिसतं. ते मला दिसलं.

पोलिसांना मी सांगितलं की तो वेगात होता आणि टप्प्यावरून तोल गेला. सायकली बदलल्या होत्या हेही सांगितलं, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांनी माझी सायकल तपासली, दोन्ही ब्रेक नीट चालत होते, तशी नोंद झाली. दहा दिवसांनी सायकल परत आली, पुसून वगैरे.

तेवढ्यात मेलबर्नला पुन्हा पाच दिवसांचा लॉकडाऊन लागला, तुझं नशीब तुझ्या विनोदबुद्धीला शोभणारं. अंत्यसंस्काराला दहा माणसं. गुरुजी सिडनीहून व्हिडिओवर, त्यांचा आवाज मागे-पुढे होत होता. पुण्याहून तुझी आई. बाबांचं तू जसं पाहिलंस तसंच तिने तुझं पाहिलं, तोच भाऊ फोन धरून. तिचा माइक बंद होता आणि ती बोलत होती. चालू केल्यावर ऐकू आलं ते एवढंच, लहानपणापासून ऐकलं नाही कुणाचं. मंजिरी रडली नाही. तिने कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, “ब्रेक मारायचा नाही म्हणे. मग हे असं.”

तिथे मी बोलायला हवं होतं. दहा माणसांत मी एक होतो, सगळे माझ्याकडे बघत होते, मी तुझा सर्वांत जवळचा. मी चपलांकडे बघत राहिलो.

त्या दिवशी संध्याकाळी मंजिरीने मला तुझ्या कागदपत्रांत बसवलं, विम्याचं काहीतरी शोधायचं होतं. तुझ्या मेलमध्ये सरकारचं पत्र होतं. तू तीनदा अर्ज केला होतास. तिसऱ्याला परवानगी मिळाली होती. मेलची वेळ बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी सहा पन्नासची. म्हणजे ते वाचून, फोन खिशात घालून, तू माझ्या दारावर लाथ मारायला आलास. आणि त्या खुर्चीत, मी जेव्हा तुला म्हणालो की तुला जायचंच नव्हतं, तेव्हाही तो फोन तुझ्या खिशात होता. नुसता काढून दाखवायचा होता. मला जन्मभर तोंड वर करता आलं नसतं. एरवी माझी मजा करायची एकही संधी तू सोडली नाहीस, आणि ही सोडलीस. हा खरा दुष्टपणा, निऱ्या. बाकी सगळं तू केलंस ते मी सहन करू शकत होतो.

लॉकडाऊन उठल्यापासून मी रोज तुझ्याकडे जात होतो. मंजिरी चहा करायची आणि तुला शिव्या द्यायची. स्वार्थी, पोरीचा विचार नाही, स्वतःच्या मस्तीत गेला. तुझे कपडे तिने पिशव्यांत भरले ते घडी न घालता. मला म्हणाली, त्याची सायकल तुझ्याकडेच ठेव, मला घरात नको. मी ऐकत होतो. तिचा राग तुझ्यावर आहे तोवर माझ्यावर येणार नाही, हे मला कळत होतं. मेलेल्या मित्राच्या आड लपलो होतो.

तेराव्या दिवशी सईने टेबलावर चित्र काढलं, डोंगर आणि सायकल. मी विचारलं, बाबा कुठाय. ती मान वर न करता म्हणाली, “बाबा डिडन्ट ब्रेक. दॅट्स व्हाय.” शाळेत शिकवलेलं सांगावं तसं. मोठी होऊन ती हेच सांगणार होती, नवऱ्याला, मुलांना. माझे वडील ब्रेक मारत नसत.

म्हणून काल सकाळी पोलिसांना फोन केला. तिकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि हे ईमेलवर लिहून पाठवा म्हणाल्या. पाठवलं. मग दुकानातून पिवळी टेप आणली, माझ्या सायकलच्या डाव्या दांडीला गुंडाळली आणि तुझ्या घरी नेली.

मंजिरी गॅरेजमध्ये खोकी बंद करत होती. सई पायरीवर. मी सायकल उतरवली आणि उभ्याउभ्याच सांगायला लागलो. टेप, पेट्रोल पंप, खडक, माझा हात. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो.

“त्याने ब्रेक मारला होता, मंजिरी,” मी म्हणालो. “मी समोर उभा होतो म्हणून.”

तिने त्या दांडीकडे पाहिलं. मग विचारलं, लिफ्टवर काय बोलणं झालं होतं. आधी मी तिला सांगितलं होतं की पोह्यांचं. आता खरं ते शब्दाला शब्द सांगितलं.

“त्याने तुला ते पत्र दाखवलं नाही?”

“नाही.”

“इतके दिवस मी त्याला शिव्या घालतेय,” ती म्हणाली, “आणि तू समोर बसून माझा चहा पीत होतास.”

आवाज चढला नव्हता. तिने कपड्यांची एक पिशवी उघडली, तुझा शर्ट काढला आणि खोक्यावर ठेवून त्याची घडी घालायला लागली. मग दुसरा. तिला रडू आलं ते तिसऱ्या शर्टाला. मी पुढे झालो तेव्हा तिने मान हलवली. मी तिथे उभा राहू नये एवढंच तिला हवं होतं.

मी वळलो तर सई सायकलपाशी आली होती. दोन्ही दांड्या आळीपाळीने बघत होती.

“सो ही डिड ब्रेक?”

“हो.”

“विच हँड?”

मी हात वर केला. डावा.